ब्राझीलचा पिवळा सदरा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या गणवेशांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ब्राझीलविषयीच होती, म्हणून या वेळचे सदर त्या एका संघाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (कोल्हापूर): विश्वचषक आला की आमच्या पेठेत ब्राझीलचे पिवळे शर्ट घातलेली मुले गल्लोगल्ली दिसतात. घरातील वडीलधारी मात्र सांगतात की ब्राझील पूर्वी पांढऱ्या कपड्यांत खेळत असे आणि एका पराभवानंतर त्यांनी तो रंग कायमचा टाकून दिला. हे खरे आहे का? आणि मग पिवळाच रंग का निवडला?

उत्तर: पहिली गोष्ट पूर्ण खरी आहे, दुसरी अर्धी. २१ जुलै १९१४ रोजी रिओ दि जानेरोमध्ये फ्लुमिनेन्से क्लबच्या मैदानावर इंग्लंडच्या एक्झेटर सिटी या क्लबाविरुद्ध ब्राझीलचा पहिला राष्ट्रीय संघ उतरला, तो पांढऱ्या सदऱ्यात. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हाच त्यांचा नेहमीचा रंग राहिला. निळा रंग असे तो बाह्यांच्या कडांना किंवा गळपट्टीला. अर्थात तेव्हा गणवेशाला आजच्यासारखे पावित्र्य आलेले नव्हते. १९१९ साली रिओत झालेल्या दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपद स्पर्धेदरम्यान उरुग्वेचा गोलरक्षक रोबेर्तो चेरी याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ खेळवलेल्या सामन्यात ब्राझीलचे खेळाडू चेरीच्या पेन्यारोल क्लबचा काळा-पिवळा सदरा घालून अर्जेंटिनाविरुद्ध खेळले आणि अर्जेंटिनाने उरुग्वेचा आकाशी सदरा घातला. एका सामन्यापुरता परका सदरा अंगावर चढवण्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

सदरा ही राष्ट्रीय प्रश्नाची बाब झाली ती १६ जुलै १९५० या दिवशी. त्या विश्वचषकाची शेवटची फेरी बाद पद्धतीची नव्हती. चार संघांची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवले होते आणि उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली असती तरी विश्वचषक त्यांचाच होता. माराकाना मैदानावर अधिकृत मोजणीनुसार १,७३,८५० प्रेक्षक होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच फ्रियासाने गोल केला, पण नंतर स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि सामना संपायला अकरा मिनिटे उरली असताना गिग्गियाने दुसरा गोल करून उरुग्वेला २-१ असे जिंकून दिले. या पराभवाचे खापर सर्वांत आधी फुटले ते गोलरक्षक बार्बोझाच्या डोक्यावर, आणि ते त्याच्या मरणापर्यंत उतरले नाही. त्याच्या जोडीने दोषी ठरला तो निळ्या गळपट्टीचा पांढरा सदरा. त्यात ब्राझीलचे म्हणावे असे काहीच नाही, तो कोणत्याही देशाचा असू शकतो, असा आक्षेप घेतला जाऊ लागला. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, कारण ब्राझीलच्या ध्वजात पांढरा रंग आहे तो चांदण्यांपुरता आणि मधल्या पट्टीपुरता.

तरीही पांढरा सदरा त्या रात्रीच जाळून टाकला, अशा थाटात ही गोष्ट सांगितली जाते ते खरे नाही. १९५२ साली सांतियागोच्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत ब्राझील पांढऱ्या सदऱ्यातच खेळला आणि विजेताही ठरला. इतकेच नव्हे, तर तेथे त्याने उरुग्वेला ४-२ असे हरवले. सदऱ्यातच अपशकुन असता तर तो तेव्हा फिटला असे म्हणायला हरकत नव्हती. पण १९५३ मध्ये लिमा येथील दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत निर्णायक सामना पॅराग्वेने जिंकला आणि पांढऱ्या रंगाची उरलीसुरली पुण्याई संपली.

त्याच वर्षी रिओतील 'कोर्रेयो दा मान्या' या दैनिकाने राष्ट्रीय संघाच्या नव्या गणवेशासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. अट एकच, पण मोठी अवघड होती: ध्वजातील हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा हे चारही रंग गणवेशात आले पाहिजेत. दक्षिणेकडच्या पेलोतास शहरात वर्तमानपत्रांसाठी चित्रे काढणारा आल्दिर गार्सिया श्ली हा एकोणीस वर्षांचा तरुण या अटीशी झगडू लागला. चार रंग ध्वजावर शोभतात, कारण तेथे प्रत्येकाला आपापली आकृती आहे. माणसाच्या अंगावर मात्र ते सहज एकमेकांशी भांडतात. श्लीने शंभरावर रेखाटने केली. निळा आणि पांढरा हे दोन रंग एकमेकांजवळ नांदतात हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने अर्धी विजार निळी आणि मोजे पांढरे करून टाकले. मग सदऱ्यासाठी उरले पिवळा आणि हिरवा. पूर्ण सदरा सोनेरी पिवळा आणि गळ्याला व बाह्यांना हिरवी किनार, हे उत्तर आज इतके सरळ वाटते की त्यामागे शंभर कागद वाया गेले असतील हे खरे वाटत नाही. म्हणजे "पिवळाच का?" या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, पिवळ्याची निवड कोणी भक्तिभावाने केली नाही, वजाबाकी करत गेल्यावर तो उरला.

त्या रंगाच्या अर्थाविषयीही एक खुलासा करायला हवा. हिरवा म्हणजे अरण्य आणि पिवळा म्हणजे सोने, असे ब्राझीलच्या शाळांतून सांगितले जाते. इतिहास वेगळा आहे. हिरवा हा सम्राट पेद्रू पहिला याच्या ब्रागांसा घराण्याचा रंग होता आणि पिवळा हा त्याची पत्नी लिओपोल्दिना हिच्या हाब्सबुर्ग घराण्याचा. १८८९ साली राजेशाही गेली, पण प्रजासत्ताकाने दोन्ही रंग ठेवले आणि मधोमध तारांकित निळे आकाश बसवले.

मार्च १९५४ मध्ये माराकानावर चिलीविरुद्धच्या सामन्यात रिओच्या प्रेक्षकांना हा नवा गणवेश पाहायला मिळाला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात मात्र हंगेरीने ब्राझीलला ४-२ असे हरवले, आणि तो सामना फुटबॉलपेक्षा हाणामारीसाठीच लक्षात राहिला. पिवळ्यालाही पायगुणाचा वाईट ठरवायला एवढे कारण पुरले असते. तसे झाले नाही आणि पुढे १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक आले. माझ्या मते पिवळा सदरा ब्राझीलचा झाला तो १९५४ मध्ये नव्हे, तर १९७० मध्ये, कारण मेक्सिकोतील ती स्पर्धा रंगीत दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा होती. अंतिम सामन्यात इटलीला ४-१ असे हरवणारा पेलेचा संघ जगाने हिरव्या गवतावर, मेक्सिकोच्या उन्हात, पिवळ्या सदऱ्यांत पाहिला. आपल्याकडे तेव्हा मुंबई दूरदर्शन केंद्रही सुरू झालेले नव्हते. ते १९७२ चे, आणि दूरदर्शनवर रंग आला तो १९८२ मध्ये. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत ब्राझील आधी करड्या रंगाचा असेल, तर त्यात नवल नाही.

श्लीविषयी आणखी थोडे. त्याचा जन्म जाग्वारांव या गावचा. मध्ये नदी, नदीवर पूल आणि पलीकडे उरुग्वे. तो पुढे प्राध्यापक आणि लेखक झाला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत त्याने लिहिले, आणि जन्मभर तो पाठीराखा राहिला उरुग्वेच्या संघाचा. ज्या संघाने पांढरा सदरा घालवला, त्याच संघाच्या चाहत्याने पिवळा सदरा दिला, असा हा प्रकार आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे यांचा मैत्रीपूर्ण सामना होता. तो ब्राझीलने १-० असा जिंकला.

प्रश्न (मडगाव): १९५८ चा अंतिम सामना ब्राझील निळ्या सदऱ्यात खेळला आणि तो निळा रंग मारिया मातेच्या शालीचा होता, असे आमचे आजोबा सांगत. ही नुसती श्रद्धेची गोष्ट आहे की तिला काही आधार आहे?

उत्तर: आधार आहे. २९ जून १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या रोसुन्दा मैदानावर यजमान स्वीडनविरुद्ध अंतिम सामना होता आणि स्वीडनचाही सदरा पिवळाच. दोघांपैकी एकाने रंग बदलणे भाग होते आणि ती पाळी ब्राझीलवर आली. पर्यायी रंग म्हणून पांढराच पुढे येणार, या कल्पनेनेच खेळाडूंचे चेहरे उतरले. १९५० ला आठच वर्षे झाली होती. तेव्हा पथकाचे प्रमुख पाउलो माशादो दे कार्वाल्यो यांनी निळा रंग निश्चित केला आणि खेळाडूंना सांगितले की हा आपल्या आपारेसिदा मातेच्या शालीचा रंग आहे, तिचे छत्र आपल्यावर राहील. गोव्यात जिला सायबीण म्हणतात, तिचेच हे ब्राझीलमधले रूप. १७१७ साली पाराइबा नदीत कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेली तिची लहानशी सावळी मूर्ती निळी शाल पांघरलेली असते आणि ती त्या देशाची संरक्षक माता मानली जाते. निळे सदरे स्टॉकहोमच्या दुकानातून ऐनवेळी विकत आणले आणि पिवळ्या सदऱ्यांवरची बोधचिन्हे उसवून त्यांवर शिवली, अशी हकिकत त्या पथकातील माणसे पुढे सांगत असत. सामना ब्राझीलने ५-२ असा जिंकला. सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले, वावाने दोन आणि झागालोने एक. तेव्हापासून निळा हा ब्राझीलचा दुसरा रंग आहे.

येथे दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. एक अशी की निळा रंग तेव्हा अगदीच नवा नव्हता. १९३८ च्या विश्वचषकात पोलंडचाही सदरा पांढरा असल्यामुळे स्ट्रासबुर्गमध्ये ब्राझील फिकट निळ्या रंगात खेळला होता आणि तो विलक्षण सामना त्याने ६-५ असा जिंकला होता. दुसरी, श्रद्धाळू वाचकांना कदाचित रुचणार नाही ती अशी की निळ्या सदऱ्याने ब्राझीलला दर वेळी तारलेले नाही. १९७४ मध्ये डॉर्टमुंड येथे नेदरलँड्सने २-० असे हरवले तेव्हा ब्राझील निळ्यातच होता, आणि २०१० मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे त्याच नेदरलँड्सने २-१ असे बाहेर काढले तेव्हाही. कार्वाल्यो यांचे शहाणपण रंगापेक्षा माणसे ओळखण्यात होते. घाबरलेल्या खेळाडूंना धीर देण्यासाठी त्यांनी जो शब्द निवडला तो प्रत्येकाच्या घरात आईच्या तोंडी असणारा होता.

प्रश्न (पुणे): जुन्या छायाचित्रांत ब्राझीलच्या बोधचिन्हावर कॉफीची फांदी असल्याचे कोणीतरी म्हणाले. त्यावर विश्वास बसत नाही. तसेच चिन्हावरच्या ताऱ्यांचा हिशेब आणि सदरे बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीही द्यावी.

उत्तर: विश्वास ठेवा. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात झिको, सोक्रातीस आणि फाल्काव यांच्या सदऱ्यावर जे चिन्ह होते, त्यात नेहमीच्या क्रुसाऐवजी ज्यूल रिमे चषक (पूर्वी विश्वविजेत्याला मिळणारा) होता आणि त्यासोबत कॉफीची लहानशी फांदी. ही सजावट नव्हती. ब्राझीलच्या सरकारी कॉफी संस्थेने महासंघाला पैसे दिले होते, पण विश्वचषकात राष्ट्रीय संघाच्या सदऱ्यावर पुरस्कर्त्याचे नाव छापता येत नाही. म्हणून जाहिरात थेट बोधचिन्हातच पेरली. युक्ती म्हणून मला ती आवडते, बोधचिन्ह म्हणून मुळीच नाही. त्या चिन्हावरील चषकाची गोष्ट तर त्याहून चमत्कारिक आहे. तिसऱ्यांदा जिंकल्यामुळे ज्यूल रिमे चषक १९७० मध्ये ब्राझीलला कायमचा मिळाला होता. डिसेंबर १९८३ मध्ये तो रिओतील महासंघाच्या इमारतीतून चोरीला गेला आणि पुन्हा कधीच सापडला नाही.

तारे म्हणजे जिंकलेले विश्वचषक. १९७० च्या विजयानंतर चिन्हाच्या वर तीन तारे आले, १९९४ मध्ये चौथा आणि २००२ मध्ये पाचवा. इतर देशांनीही ही पद्धत उचलली. उरुग्वे मात्र दोनच विश्वचषक जिंकून चार तारे लावतो, कारण १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके तो त्याच तोलाची मानतो.

कंपन्यांचा भाग थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. सुरुवातीच्या पिवळ्या काळात ब्राझीलच्याच आथ्लेता या कंपनीचे सुती सदरे होते, आणि त्यांवर बनवणाऱ्याचे नाव बाहेरून दिसत नसे. १९७८ च्या विश्वचषकात बाह्यांवर आदिदासचे तीन पट्टे आले. ऐंशीच्या दशकात टॉपर ही ब्राझीलमध्ये चालणारी कंपनी होती, १९९४ चा विजय अम्ब्रोच्या सदऱ्यात झाला, आणि १९९७ पासून नायकी आहे. दर दोन वर्षांनी नवा सदरा विकायचा म्हणजे त्यात काहीतरी बदलले पाहिजे, म्हणून कधी गळपट्टी बदलते, कधी बगलेखाली हिरवी पट्टी येते, कधी कापडात नक्षी उमटते, आणि पिवळा कधी लिंबाकडे तर कधी पिकल्या आंब्याकडे झुकतो. श्लीची मूळ मांडणी मात्र कोणत्याही कंपनीने मोडलेली नाही. मोडायचे धाडसही कोणी करेल असे वाटत नाही.

प्रश्न (नागपूर): २०१४ मध्ये जर्मनीने ब्राझीलला घरच्या मैदानावर ७-१ असे हरवले. मग त्या वेळी सदरा का बदलला नाही? आणि पांढरा रंग पुन्हा कधी वापरला गेला का?

उत्तर: प्रश्न मार्मिक आहे. गोलांचा हिशेब केला तर ८ जुलै २०१४ ची बेलो होरिझोन्ते येथील नामुष्की १९५० पेक्षा कितीतरी मोठी होती. पण १९५० मध्ये पांढऱ्या सदऱ्याच्या बाजूने बोलायला एकही विश्वचषक नव्हता, आणि २०१४ मध्ये पिवळ्याच्या बाजूने साठ वर्षे होती. कानारिन्यो, म्हणजे छोटा कॅनरी पक्षी, हे संघाचे लाडके नाव या रंगावरूनच पडले, आणि सदऱ्याला लोक आमारेलिन्या म्हणतात. आपण 'पिवळुली' म्हणावे तसे. माणूस कितीही रागावला तरी असे नाव दिलेली वस्तू टाकून देत नाही. म्हणून या वेळी दोष प्रशिक्षकाला मिळाला, बचावफळीला मिळाला, महासंघाला मिळाला, सदरा सुटला.

त्या सदऱ्याला खरा धक्का मैदानाबाहेर बसला. राष्ट्राध्यक्षा दिल्मा रूसेफ यांच्याविरुद्ध २०१५-१६ मध्ये निघालेल्या मोर्चांत पिवळे सदरे घातलेले लोक मोठ्या संख्येने दिसले, पुढे जाइर बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी तोच आपला पोशाख केला, आणि ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझिलियामध्ये संसद, सर्वोच्च न्यायालय आणि अध्यक्षीय कार्यालय यांवर चालून गेलेल्या जमावातही तो सर्वत्र होता. परिणामी, विरोधी मताच्या कित्येक ब्राझिलियन चाहत्यांना आपल्याच संघाचा पिवळा सदरा रस्त्यावर घालणे अवघड वाटू लागले. काहींनी निळा जवळ केला. आपली राजकीय मते सदऱ्यावरून ओळखली जातील ही भीती १९५३ च्या स्पर्धेचे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. ध्वजाचे चारही रंग सदऱ्यात असावेत अशी त्यांची इच्छा होती आणि ती पूर्ण झाली. पण मग ध्वजाचे होते तेच सदऱ्याचेही होणार.

पांढऱ्या रंगाविषयी: तो परत आला, पण पाहुण्यासारखा. फिफाच्या शताब्दीनिमित्त मे २००४ मध्ये पॅरिस येथे फ्रान्सशी झालेल्या सामन्यात ब्राझील जुन्या धर्तीच्या पांढऱ्या सदऱ्यात उतरला होता. त्यानंतर १९१९ च्या विजेतेपदाला शंभर वर्षे झाली म्हणून २०१९ च्या कोपा अमेरिकाच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या त्याच अजिंक्यपद स्पर्धेच्या, उद्घाटनाचा सामना तो साओ पाउलोच्या मोरुंबी मैदानावर बोलिव्हियाविरुद्ध पांढऱ्या सदऱ्यात खेळला, आणि ३-० असा जिंकला. ती स्पर्धाही ब्राझीलनेच जिंकली, तरी पांढरा रंग पुन्हा नेहमीचा झाला नाही. याशिवाय जून २०२३ मध्ये बार्सिलोना येथे गिनीविरुद्धच्या सामन्याचा पूर्वार्ध ब्राझीलचे खेळाडू संपूर्ण काळ्या गणवेशात खेळले. स्पेनमध्ये व्हिनिसियस ज्युनियरला सहन कराव्या लागलेल्या वर्णद्वेषी शेरेबाजीचा तो निषेध होता. उत्तरार्धाला ते पिवळ्यात परतले.

प्रश्न (ठाणे, एका शाळकरी वाचकाचे पत्र): पेलेने दहा क्रमांक स्वतः मागून घेतला होता का?

उत्तर: नाही. १९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने खेळाडूंची यादी पाठवली, पण क्रमांक पाठवायचे राहून गेले, म्हणून ते आयोजकांकडच्या मंडळींनीच मनाने भरले. त्यांत गोलरक्षक जिल्मारला ३ मिळाला, उजवीकडून खेळणाऱ्या गारिंशाला ११, डावीकडच्या झागालोला ७ आणि पहिल्या दोन सामन्यांत मैदानात न उतरलेल्या पेलेला १०. तेव्हा तू शाळेच्या संघात असशील आणि सरांनी तुला मनाविरुद्ध एखादा क्रमांक दिला असेल, तर तो घालून खेळ.